प्लास्टरचे न्यायाधीश आणि आमचे वकीलसाहेब

पेणच्या जुन्या कोर्टाची इमारत दुरुस्त करून तिथे स्थानिक इतिहासाचं संग्रहालय करायचं ठरलं, तेव्हा इमारत मिळाली, कौलं मिळाली, समितीला बसायला सतरंज्याही मिळाल्या. फक्त इतिहास कमी पडला. गावात इतिहास नव्हता असं नाही. लोक तो द्यायला तयार नव्हते. ज्यांच्या घरी पितळी समया होत्या, भाताची जुनी मापं होती, एखाद्या बुडालेल्या गलबताचं सुकाणू होतं, त्यांनी समितीला चहा पाजला आणि समितीची पाठ फिरताच वस्तू आतल्या खोलीत हलवल्या. रिकामी कपाटं भरण्याची जबाबदारी मग वकीलसाहेबांनी स्वतःवर घेतली, आणि कपाटं बहुतांशी स्वतःच्याच वस्तूंनी भरली. पहिल्या कपाटात त्यांचा काळा कोट. दुसऱ्यात त्यांची दौत आणि चष्म्याचं घर. तिसऱ्यात त्यांच्या वडिलांची चांदीच्या मुठीची काठी. वडील शेवटपर्यंत काठीशिवाय चालत होते, असं वकीलसाहेबांच्या बहिणीनं मला नंतर सांगितलं.

ते त्या संग्रहालयाचे मानद संचालक होते. 'मानद'चा अर्थ त्यांना कोणी नेमलेलं नव्हतं. उभं आयुष्य त्यांनी याच इमारतीत वकिली केली होती. कोर्ट नव्या इमारतीत गेलं, तेव्हा ते गेले नाहीत. नव्या इमारतीत आवाज घुमत नाही, अशी त्यांची तक्रार होती. आपला आवाज घुमल्याशिवाय आपलं म्हणणं आपल्यालाच पटत नाही, असं ते एकदा अनवधानानं माझ्याजवळ बोलून गेले.

मी रोह्याची. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. संग्रहालयातल्या पाट्या लिहायला समितीनं मला बोलावलं ते दोन गुणांवर: अक्षर बरं होतं आणि मी मानधन मागत नव्हते. आठवड्यातून एकदा मी नागोठणे, वडखळ करत एस.टी.नं पेणला जायची आणि कोर्टाच्या दालनात एका कोपऱ्यात टेबल मांडून बसायची. वकीलसाहेब मला मजकूर सांगत. 'वकिलाचा कोट' एवढं मी लिहिलं की ते पाटी परत करत. त्यांना हवं असे, "सदर कोट हा या न्यायालयात दीर्घकाळ वावरलेला असून तत्कालीन न्यायव्यवस्थेचा मूक साक्षीदार आहे." मी म्हटलं, "कोट मूक होता, पण आत तुम्ही होतात ना?" "बाई, शाळेत ठीक आहे हे," असं म्हणून ते दुसऱ्या कपाटाकडे वळले.

दालनात शिरताना ते दारात थांबत आणि न्यायाधीशांच्या खुर्चीला मान लववत. खुर्ची रिकामी असे. आम्हालाही ते करायला लावत. झाडूवाली मावशी रोज सकाळी खुर्चीवरची धूळ झटकायची, तिला ते म्हणत, "आधी नमस्कार, मग फडकं." मावशी म्हणायची, "फडकं मारताना वाकतेच की वो मी."

येणाऱ्या माणसाला ते संग्रहालय दाखवत नसत. त्याची उलटतपासणी घेत. अलिबागला निघालेलं मुंबईचं एक जोडपं वाट वाकडी करून आलं होतं. वकीलसाहेबांनी त्यांना कपाटासमोर उभं केलं. "ही दौत तुम्ही पाहिलीत? हो की नाही, एवढंच सांगा." नवरा म्हणाला, "हो, पण..." "पण नको. दौत पाहिलीत. म्हणजे शाई होती हे तुम्हाला मान्य आहे." बाई घाबरून म्हणाली, "इथे फाशीची शिक्षा द्यायचे का?" वकीलसाहेबांना हा प्रश्न आवडला नाही. "हे दिवाणी कोर्ट होतं," ते म्हणाले. "इथे कोणाला मारत नसत. वाट पाहायला लावत."

वाट पाहणं हा त्यांचा धर्म होता. न्याय लवकर मिळाला तर माणसाला त्याची किंमत राहत नाही, असं ते शांतपणे, अनुभवानं सांगत. जे खटले त्यांनी तरुणपणी घेतले होते, त्यातले काही त्यांच्यानंतर त्यांचे ज्युनिअर चालवत होते, आणि या गोष्टीचा त्यांना बागायतदाराला कलमांचा असतो तसा अभिमान होता. घरीही तेच. मुलीनं लग्नाचं विचारलं तेव्हा त्यांनी म्हणणं मांडायला मुदत मागितली. मुलीनं अलिबागला जाऊन लग्न केलं आणि पेढे पाठवले. पेढे त्यांनी 'हक्क राखून' खाल्ले, असं त्यांची पत्नी सांगायची. एक वाक्य तिचं फार आवडायचं मला: "ते कधी खोटं बोलत नाहीत हो. ते फक्त दुसऱ्याचं बोलतात."

उद्घाटन जवळ आलं, तेव्हा समितीच्या लक्षात आलं की रिकामी खुर्ची फोटोत चांगली दिसत नाही. तिच्यात न्यायाधीश बसवावेत असं ठरलं. पेणमध्ये पुतळा हवा असला की कोणाकडे जायचं हे विचारावं लागत नाही; दर दुसऱ्या गल्लीत गणपतीचा कारखाना आहे. एका म्हाताऱ्या मूर्तिकाराला बोलावलं. त्याच्या घरात आजोबांपासून गणपतीशिवाय दुसरं काही घडलेलं नव्हतं. वकीलसाहेबांनी त्याला समोर बसवून न्यायाधीश कसे हवेत ते समजावलं. चेहरा करारी, पण दयाळू. बसणं ऐसपैस. आणि नजर अशी, की साक्षीदारानं खोटं बोलायला तोंड उघडावं आणि अडखळावं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि हंगाम संपल्यावर प्लास्टरची मूर्ती टेम्पोतून आणून दिली.

काळा कोट होता, गळ्यात पांढऱ्या पट्ट्या होत्या. पण पोट ऐसपैस होतं. उजवा हात उचललेला होता. त्यात पेन दिलं होतं, तरी हात आशीर्वादालाच उचललेला होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि डोळे. पेणच्या कारखान्यात सगळं झाल्यावर शेवटी डोळ्यांची आखणी होते, आणि ती घरातला सर्वांत जाणता हातच करतो. त्या हाताला जे डोळे येत होते तेच त्यानं आखले होते. मोठे, शांत, पापण्या किंचित उतरलेले, आणि दालनात कुठेही उभं राहिलं तरी आपल्याकडेच पाहणारे.

वकीलसाहेब मूर्तीभोवती फिरून आले. "हे न्यायाधीश आहेत की गणपती?"

"सोंड नाय लावली, साहेब," म्हातारा म्हणाला.

"डोळे बदला."

"आमच्याकडं एवढेच डोळे हायेत."

उद्घाटन दोन दिवसांवर होतं, म्हणून डोळे राहिले. उद्घाटनाला एक मंत्री येणार होते; ते आले, म्हणजे सकाळचे दुपारी आले. फीत कापली. पेणच्या पापडांविषयी आणि पोह्यांविषयी चार शब्द बोलले, कारण इतिहासाचा कागद गाडीत राहिला होता. मग दालनाच्या दारात आले, समोर खुर्चीतली मूर्ती पाहिली आणि सवयीनं चपला काढल्या. मंत्र्यांनी काढल्या म्हणून अध्यक्षांनी काढल्या, अध्यक्षांनी काढल्या म्हणून समितीनं, मग फोटोग्राफरनं. त्या दिवसापासून त्या दालनात कोणी चपला घालून गेलं नाही. आठवडाभरात न्यायाधीशांच्या पायाशी जास्वंद दिसायला लागली. वकीलसाहेबांनी माझ्याकडून पाटी लिहून घेतली: 'हे न्यायाधीश आहेत. फुले वाहू नयेत.' लोकांनी फुलं पाटीला वाहिली.

"हा न्यायसंस्थेचा अपमान आहे," ते मला म्हणाले.

"तुम्हीही रोज मान लववता की."

"मी खुर्चीला लववतो, बाई. मूर्ती मध्ये येते, त्याला माझा इलाज नाही."

हे सगळं करमणुकीचं होतं. पण पुढच्या भाद्रपदातल्या एका दुपारी एक खारेपाटातली बाई तिच्या दिराला घेऊन आली, आणि ते करमणुकीचं राहिलं नाही.

त्यांचं गाव धरमतरच्या खाडीकडचं. तिकडे समुद्र आणि भात यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध असतो. तो एकट्यादुकट्याला राखता येत नाही, म्हणून घरटी एक माणूस घमेलं घेऊन मातीला येतो. या सगळ्यांच्या कामाला तिकडे जोळ म्हणतात. बांधाचा कोणता तुकडा जोळात आणि कोणता ज्याचा त्याचा, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कदाचित म्हणूनच ते कोर्टात सिद्ध करायला इतकी वर्षं लागत असावीत. या बाईचा नवरा वारला, आणि दिरानं सांगितलं की तिच्या शेतापुढचा बांध जोळात नाही, तो तिचा तिनं बघावा. खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढची दोनतीन पिकं गेली, आणि अशी जमीन मग दिराला स्वस्तात मिळते. ती कोर्टात गेली. दिरानं वकीलसाहेबांना गाठलं; आता त्यांचा ज्युनिअर ती केस चालवत होता. पुढे गावानंही हात काढून घेतला. मामला कोर्टात हाय, आपण कशाला मध्ये पडा, असं प्रत्येकजण म्हणाला. चिखलात न उतरायला इतकं सोयीचं कारण त्यांना आजवर मिळालेलं नव्हतं.

त्या दुपारी ती नव्या कोर्टातून आली होती. तिथे पुढची तारीख मिळाली होती, दिवाळीनंतरची. बांध फुटून खांड पडायला लागली होती आणि अमावास्येचं उधाण त्याच आठवड्यात होतं. भात पोटरीला आलेलं होतं. हे सगळं मला तिनं सांगितलं नाही. ती दिराला बोलत होती आणि माझं टेबल कोपऱ्यात होतं.

"या पिंजऱ्यात उभं राव्हा, भावजी," ती म्हणाली.

साक्षीदाराचा जुना पिंजरा अजून तिथेच होता, न्यायाधीशांच्या डाव्या हाताला. दीर पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस होता. तो हसला. "वयनी, यो म्युझियम हाय."

"म्हनूनच. तिकडं तुमचा वकील बोलतो. हितं तुमी बोला. बांध जोळात नाय, एवढं या डोल्यांकडं बघून सांगा. मी केस सोडते. जमीन पन सोडते."

वकीलसाहेब लगबगीनं पुढे आले. दिराला त्यांनी ओळखलं होतं, जुनं अशील. "वस्तूंना हात लावायचा नाही."

"मी नाय लावत. यांना उभं करते."

जमीन सोडते म्हटल्यावर दीर पिंजऱ्यात चढला. कठड्यावर हात ठेवला. घसा साफ केला. "बांध," तो म्हणाला, आणि मूर्तीकडे पाहिलं. मग थोडा डावीकडे सरकला. मग उजवीकडे.

"यो बघतो हाय," तो म्हणाला.

"बघनारच. त्याचं तेवढंच काम हाय."

त्याच्या शर्टाला पाठीवर घाम आला होता. मी पाटीवरचा कुंचला खाली ठेवला. नव्या कोर्टात देवाची शपथ घेऊन हा माणूस नक्कीच बोलला असेल. पण शपथेतला देव पाहत नाही.

"मना आता आठवत नाय," शेवटी तो म्हणाला. "वकीलसाहेबांना इचारा. मी सगलं त्यांना सांगितलेलं हाय."

"अशिलानं वकिलाला सांगितलेलं गुपित असतं," वकीलसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज दालनात छान घुमला. "अशिलाच्या परवानगीशिवाय मी एक अक्षर..."

"दिली परवानगी," दीर म्हणाला. तो एकदम मोकळा झाला होता. इतकी वर्षं या माणसानं आपल्या बाजूनं तोंड उघडलं होतं; आज तो दुसरं काय बोलणार, असं त्याला वाटलं असावं. तो पिंजऱ्यातून उतरला.

वकीलसाहेबांना जागेवरूनच बोलता आलं असतं. पण साक्ष पिंजऱ्यातूनच द्यायची असते, हे त्यांनीच आम्हाला शेकडो वेळा सांगितलं होतं, आणि आता सगळे त्यांच्याकडे पाहत होते. ते चढले. त्या दालनात आयुष्य काढलेला माणूस, पण या कठड्याच्या आत मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. ते तिथे बुटके दिसत होते. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. मान वर केली. आता दौतीपासून सुरुवात होणार, अशी मी मनाची तयारी केली.

त्यांनी मूर्तीच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"बांध जोळात आहे," ते म्हणाले. आवाज अजिबात घुमला नाही. मग दिराकडे न पाहता म्हणाले, "पहिल्या दिवशी माझ्या ओटीवर बसून तूच सांगितलंस. जोळात हाय, पन नाय म्हनायचं, असं."

दीर त्यांच्याकडे वळला. रागापेक्षा त्याच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव जास्त होता. "मंग इतकी वर्सं कोर्टात येगलं का सांगितलात?"

"तिथे मी तुझ्या वतीनं बोलत होतो."

"आनि आता?"

वकीलसाहेबांनी या प्रश्नाचा खरोखर विचार केला. "आता मला कोणी नेमलेलं नाही," ते म्हणाले.

बाईनं हात जोडले नाहीत, न्यायाधीशांना नाही आणि वकीलसाहेबांनाही नाही. तिनं पिशवी उचलली. "चला, भावजी. ओहोटी लागंल. घमेली तुमच्या घरात हायेत."

तो गेला तिच्यामागे. मला वाटलं होतं वडखळला उतरून पळ काढेल. पण तो गावात गेला, आणि मुख्य म्हणजे ही गोष्ट बाईनं एस.टी.तच सांगून टाकल्यामुळे त्याच्याआधी गावात पोचली. दिराच्याच वकिलानं कबूल केलं, म्हणजे मामला कोर्टात असल्याचं कारण संपलं, म्हटल्यावर घरटी एक माणूस कुरकुरत मातीला आला. उधाण आलं तेव्हा बांध उभा होता. भात कापल्यावर ती बाई पुन्हा पेणला आली, तेव्हा संग्रहालयाच्या पायरीवर क्षणभर टेकून मला म्हणाली, "दीर बोलत नाय माझ्याशी. नको बोलू दे. माती चांगली टाकलान."

मी भोळेपणानं समजले की वकीलसाहेबांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा दिवस असेल आणि आता मला त्याची पाटी लिहावी लागेल. त्यांनी त्याविषयी एक अक्षर काढलं नाही. उलट ते दालनात थांबेनासे झाले. बाहेर कोर्टाच्या ओटीवर खुर्ची टाकून पेपर वाचत बसत. माणसं मात्र वाढली. नव्या कोर्टातून तारीख घेऊन निघालेले भाऊ, शेजारी, वाटेकरी एकमेकांच्या बाह्या धरून यायला लागले. त्यातले निम्मे पिंजऱ्यापर्यंत जाऊन परत फिरत आणि बाहेरच्या टपरीवर चहा पिऊन आपसांत मिटवत. हे वकीलसाहेबांनी सहन केलं असतं. पण काहीजण आधी ओटीवर येत.

"वकीलसाहेब, जरा आत चला ना."

"कशाला?"

"आमची पन केस तुमच्याकडंच होती."

पहिल्याला ते म्हणाले, गुडघा दुखतो. दुसऱ्याला म्हणाले, अशिलाची परवानगी आणा. तो अशिलालाच घेऊन आला. तिसऱ्या दिवशी नागोठण्याकडचे दोन चुलत भाऊ आले, विहिरीचं प्रकरण होतं. वकीलसाहेबांनी त्यांना ओटीच्या टोकावरून येताना पाहिलं आणि मागच्या दारानं घरी गेले. सत्तरीचा माणूस, हातात घडी न घातलेला पेपर, कोर्टाच्या मागच्या गटारावरून उडी मारून जाताना मी खिडकीतून पाहिला. आपलं आयुष्यभराचं काम त्या पिंजऱ्यात उभं राहून उलटवायला किती वेळ लागला असता, याचा हिशेब त्यांनी केलेला असावा. एक दुपार पुरली असती.

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा पिंजऱ्याच्या दाराला सुतळी बांधलेली होती. वकीलसाहेब ओटीवर होते. त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि पाटी लिहायला सांगितली: 'पिंजरा मोडकळीस आला आहे. आत उभे राहू नये.'

मी आत जाऊन कठडा हलवून पाहिला. सागवान होतं. माझ्याबरोबर झाडूवाल्या मावशीनंही जोर लावला, तरी करकरलं नाही. मी बाहेर येऊन त्यांना तसं सांगितलं.

"बाई," ते म्हणाले, "समितीचा ठराव आहे."

समितीची बैठक झालेली नव्हती. मी म्हटलं, "आत येऊन तेवढं सांगता का? म्हणजे मी नीट लिहिते."

त्यांनी दाराकडे पाहिलं. तिथून मूर्तीचा फक्त उचललेला हात दिसत होता. मग त्यांनी खुर्ची उचलली, ओटीच्या पार दुसऱ्या टोकाला नेली, भिंतीकडे तोंड करून बसले आणि तिथूनच, नेहमीच्या घुमणाऱ्या आवाजात, मला पाटीचा मजकूर पुन्हा एकदा सावकाश सांगितला.